दुसऱ्या कोकराला दूध कोण देणार?



तुमच्या शाळेत वक्तृत्व स्पर्धा होत असेल, तर एक विषय हमखास ठरलेला असतो : 'विज्ञान – शाप की वरदान?' अलीकडे याच विषयाला नवा सदरा चढवून 'क्लोनिंग – शाप की वरदान?' किंवा 'जनुकीय अभियांत्रिकी – शाप की वरदान?' असे विषय देतात. मग एक वक्ता उठतो आणि बजावून सांगतो की, उद्या हुकूमशहांच्या फौजाच्या फौजा प्रयोगशाळेत तयार होतील, माणसाने परमेश्वराच्या कामात लुडबुड करू नये. दुसरा उठतो आणि तितक्याच आवेशाने सांगतो की, आता भूक आणि रोगराई यांचा काळ संपला! टाळ्या दोघांनाही पडतात. घंटा वाजते, निकाल लागतो आणि सगळे घरी जातात.

अशा स्पर्धेत बोलणाऱ्या कोणालाही नाउमेद करण्याचा माझा हेतू नाही. मुलांनी बोललेच पाहिजे. पण मला असे वाटते की, हा प्रश्नच मुळात चुकीचा मांडलेला आहे. तो बरोबर कसा मांडावा, हे शिकण्यासाठी परदेशी जाण्याचेही कारण नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातला पारनेर तालुका तुम्हाला ठाऊक असेल. कमी पावसाचा, माळरानांचा आणि पठारांचा हा मुलूख. तिथल्या दोन गोष्टी आपण नीट पाहिल्या तरी पुरे आहे : एक डाळिंबाची बाग आणि दुसरा मेंढ्यांचा कळप.

बांधापलीकडचा क्लोन

क्लोन म्हणजे काय? नर आणि मादी यांच्या बीजांचा संयोग न होता, एकाच सजीवाच्या पेशींपासून जन्माला आलेली आणि म्हणून अगदी त्याच्याचसारखी जनुके असलेली संतती. ही व्याख्या वाचून तुम्हाला वाटेल, अशी वस्तू आपण कधी पाहिलेली नाही. पण डाळिंबाची बाग तुम्ही पाहिली आहे ना? मग तुम्ही शेकडो क्लोन एका रांगेत उभे असलेले पाहिले आहेत!

डाळिंबाचे बी लावले तर रोप उगवते, पण त्याचे फळ आईसारखेच निघेल याची खात्री नसते. म्हणून शेतकरी गुटी बांधतो. पावसाळ्यात एका निरोगी फांदीची थोडीशी साल गोलाकार काढायची, त्या जागी ओलसर शेवाळ लावायचे, वरून प्लॅस्टिकचा कागद घट्ट बांधायचा. काही आठवड्यांनी तिथे मुळे फुटतात. मग ती फांदी कापून पिशवीत लावली की झाले नवे रोप. या रोपाच्या प्रत्येक पेशीत मूळ झाडाचीच जनुके असतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा 'भगवा' हा प्रसिद्ध वाण असाच वाढवला जातो. एका बागेतील भगव्याची सारी झाडे ही जनुकांच्या दृष्टीने जणू एकच झाड आहे, फक्त ते हजार ठिकाणी उभे आहे.

याला कोणी पाप म्हटल्याचे ऐकले आहे का? नाही. उलट सारखा रंग, सारखा आकार आणि सारखी गोडी यांमुळेच बाजारात भाव मिळतो. परंतु या सारखेपणाची एक किंमतही असते. 'तेल्या' नावाचा जिवाणूंमुळे होणारा रोग महाराष्ट्रातल्या डाळिंब बागायतदारांना चांगलाच ठाऊक आहे. पानांवर आणि फळांवर तेलकट डाग पडतात, फळ तडकते आणि हातातोंडाशी आलेला घास जातो. सगळ्या घरांना एकाच किल्लीचे कुलूप असेल, तर चोराला एक किल्ली पुरते. क्लोनच्या बागेचे तसेच आहे. रोग एका झाडाला लागू पडला की तो साऱ्यांनाच लागू पडतो.

आता खरा मुद्दा पाहा. समजा, दोन माणसे गुटी बांधून रोपे विकतात. पहिला निरोगी बागेतून गुटी घेतो. दुसऱ्याच्या बागेत तेल्या आहे, हे त्याला माहीत आहे; तरीही तो गप्प बसून रोपे विकतो. रोग रोपांबरोबर नव्या शेतात जातो. दोघांनी वापरलेले विज्ञान एकच, दोघांनी केलेले कामही एकच : क्लोन तयार करणे. पण पहिल्याने चांगले केले आणि दुसऱ्याने वाईट, हे सांगायला आपल्याला क्षणभरही विचार करावा लागत नाही. म्हणजे चांगले-वाईट हे 'क्लोन' या शब्दात नव्हतेच. नुकसान कोणाला सोसावे लागणार आणि त्याला ते आधी सांगितले होते की नाही, यात ते होते.

रोप मेले तर, आणि कोकरू मेले तर

आता झाडांकडून प्राण्यांकडे वळू. ५ जुलै १९९६ रोजी स्कॉटलंडमध्ये एडिंबरोजवळच्या रोझलिन संस्थेत डॉली नावाचे कोकरू जन्मले. इयान विल्मट, कीथ कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका सहा वर्षांच्या मेंढीच्या कासेतील पेशी घेतली. दुसऱ्या मेंढीच्या बीजांडातील केंद्रक काढून टाकले आणि ते बीजांड या पेशीशी जोडले. त्यातून वाढलेला गर्भ तिसऱ्या मेंढीच्या पोटात वाढवला. पूर्ण वाढ झालेल्या सस्तन प्राण्याच्या पेशीपासून जन्मलेली ही पहिली क्लोन. जगभर तिचे फोटो छापले गेले.

फोटोत जे दिसत नव्हते ते आकड्यांत आहे. अशी २७७ बीजांडे जोडली गेली होती. त्यांतून २९ गर्भ तयार झाले, ते १३ मेंढ्यांच्या गर्भाशयात ठेवले आणि जन्माला आले एकच कोकरू. आपल्या देशात हरियाणातील कर्नाल येथे राष्ट्रीय दुग्धव्यवसाय संशोधन संस्थेत ६ फेब्रुवारी २००९ रोजी 'समरूपा' हे म्हशीचे क्लोन रेडकू जन्मले, पण ते काही दिवसांतच दगावले. त्याच वर्षी ६ जून रोजी 'गरिमा' जन्मली आणि ती जगली.

गुटीला मुळे फुटली नाहीत तर शेतकरी ती फेकून देतो. फांदीला वेदना होत नाहीत. प्राण्यांच्या बाबतीत मात्र फसलेला प्रत्येक प्रयत्न कोणाच्या तरी अंगावर पडतो. कधी गर्भ पडतो, कधी मादीला त्रास होतो, कधी पिलू अशक्त जन्मते. मग हाच प्रयोग माणसावर करावा का? ज्या बाळावर पहिला प्रयत्न होईल, त्याला 'तुझी तयारी आहे का?' असे विचारण्याची सोय नाही. माणसाचे क्लोन-बाळ जन्माला घालू नये असे म्हणण्यामागचे हे सगळ्यात भक्कम कारण आहे. हुकूमशहांच्या फौजांची कहाणी त्यासाठी लागत नाही. तशीही ती कहाणी लटकीच आहे. सारख्या जनुकांची जुळी भावंडे तुमच्याच शाळेत असतील. ती दोघे दोन स्वतंत्र माणसे असतात की नाही? आपल्या देशात मूळपेशींच्या संशोधनाबद्दलच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी मानवी प्रजननासाठी क्लोनिंग करण्यास मनाई केलेली आहे आणि ती योग्यच आहे, असे मला वाटते.

सुंदरबनातून दख्खनच्या पठारावर

डॉलीची कीर्ती साऱ्या जगात झाली. पण महाराष्ट्रातल्या मुलांनी तिच्यापेक्षाही जास्त ध्यानात ठेवावी अशी एक मेंढी आपल्याच राज्यात आहे. तिची गोष्ट मोठी मजेदार आहे.

पारनेर तालुक्यातील ढवळपुरीसारख्या गावांतून धनगर मेंढपाळांची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती आहे. त्यांच्या कळपांतली काटक मेंढी ती दख्खनी. ती ऊन सोसते, रोज मैलोन्‌मैल चालते, खुरट्या गवतावर गुजराण करते. पण तिला एका वेताला बहुधा एकच कोकरू होते. पूर्वी लोकरीची घोंगडी खपत. आता या जाड्याभरड्या लोकरीला पुरेसा भाव राहिला नाही. मेंढपाळाचा प्रपंच कोकरे विकून चालतो. तेव्हा एकाच्या जागी दोन कोकरे झाली तर?

दोन-दोन, तीन-तीन पिल्ले देणारी एक ठेंगणी मेंढी भारतातच आहे. बंगालच्या सुंदरबनातील 'गारोल'. १७९२-९३ च्या सुमारास कलकत्त्याहून काही बंगाली मेंढ्या जहाजातून ऑस्ट्रेलियाला गेल्या. पुढे दीडशेहून अधिक वर्षांनी तिथल्या 'बुरूला' नावाच्या शेतावर काही मेरिनो मेंढ्या भराभर जुळी-तिळी देताना आढळल्या. त्यांच्यात एक विशिष्ट जनुकीय बदल असल्याचे शास्त्रज्ञांच्या ध्यानात आले आणि २००१ साली तो नेमका बदल सापडला. एका जनुकाच्या लांबलचक मजकुरात फक्त एक अक्षर बदललेले होते! या बदलामुळे मेंढीच्या बीजकोशात एका वेळी एकाऐवजी अधिक बीजांडे पक्व होतात. गारोल मेंढीत पाहिले, तर तिथेही तोच बदल. बंगालची ठेव ऑस्ट्रेलियात जाऊन ओळखू आली होती.

सातारा जिल्ह्यातील फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात गारोल मेंढ्या आणून त्यांचा दख्खनीशी संकर सुरू केला. गारोल आकाराने लहान, म्हणून तिचे बाकीचे गुण नकोत. हवे ते फक्त जुळ्यांचे जनुक. तेव्हा संकरित मेंढ्यांचा पुन्हा पुन्हा दख्खनीशी आणि अन्य मोठ्या जातींशी संकर करत गेले. कोणत्या कोकरात ते जनुक उतरले आहे, हे ओळखण्यासाठी रक्ताची चाचणी होती. तिच्या कामात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे साहाय्य मिळाले. या साऱ्या खटाटोपातून जी मेंढी तयार झाली ती 'नारी सुवर्णा'.

इथे कोणी कोणाच्या पेशीत सुईने जनुक टोचले नाही. सारे काम नर, मादी, वंशावळीची वही आणि रक्तचाचणी यांवर झाले. मग हे 'नैसर्गिक' म्हणायचे की 'कृत्रिम'? सुंदरबनातले जनुक दख्खनच्या कळपात आपले आपण कधीच आले नसते. ते माणसानेच, ठरवून, निवडून आणले. समजा, उद्या कोणी तेच एक अक्षर प्रयोगशाळेत, एका दिवसात बदलले, तर अनपेक्षित दुसरे बदल झाले नाहीत ना, याची काटेकोर तपासणी करावी लागेल, हे खरे. परंतु ती तपासणी उत्तम झाली असे धरले, तर पुढे जे घडेल ते अगदी सारखेच आहे. मेंढी एक, कास एक आणि तोंडे दोन.

दुष्काळातले दुसरे कोकरू

आता आपण मुख्य जागी आलो. डोळ्यांपुढे चित्र आणा. पाऊस झाला आहे, माळ हिरवा आहे, मेंढीला जुळी झाली आहेत. दूध भरपूर आहे. वर्षअखेर मेंढपाळाच्या हाती एकाऐवजी दोन कोकरांचे पैसे येतात. कर्ज फिटते, मुलीची फी भरली जाते. ही काही लहान गोष्ट नव्हे. केवळ 'निसर्गात ढवळाढवळ नको' म्हणून हे नाकारणाऱ्याने त्या मुलीसमोर उभे राहून तसे सांगून दाखवावे.

आता दुसरे चित्र. पाऊस दडी मारून बसला आहे. कळप चाऱ्याच्या शोधात कोकणाच्या वाटेला लागला आहे. मेंढीच्या पोटात दोन जीव आहेत, पण त्यांना पुरेल इतका चारा वाटेवर नाही. ती विते, दूध जेमतेम एकाला पुरते. दुसरे कोकरू अशक्त आहे. त्याला उचलून न्यावे लागते, दुसऱ्या मेंढीखाली धरावे लागते, नाहीतर बाटलीने पाजावे लागते. कळप चरायला गेला की मागे राहिलेली कोकरे बहुधा घरातल्या बायका आणि मुलीच सांभाळतात. कदाचित ती मुलगी तुमच्या वर्गातली असेल आणि हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरीची खूण पडत असेल.

चाऱ्याचा आणखी एक पदर आहे. याच तालुक्यातील राळेगणसिद्धीने १९७५ नंतर पाणलोटाची कामे केली, त्यांबरोबर चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदीही पाळली. त्यामुळे माती अडली, पाणी मुरले, झाडोरा वाढला. गावासाठी हा निर्णय हिताचाच ठरला. परंतु जिथे जिथे चराई बंद होते, तिथे फिरत्या कळपाला एक कुरण कमी होते. जुळी देणारे जनुक आणि चारा देणारी जमीन यांचा विचार वेगवेगळ्या कचेऱ्यांत होतो. दोन्हींचा ताळमेळ मात्र मेंढपाळाला एकट्याने घालावा लागतो.

यावरून कोणी म्हणेल, जुळ्यांचे जनुक वाईट. मी तसे म्हणत नाही. फलटणच्या संस्थेने एक गोष्ट मोठ्या समजुतीने केली. ही मेंढी केवळ आपल्या गोठ्यात ठेवून तिने आकडे जाहीर केले नाहीत. ती परिसरातील मेंढपाळांच्या स्वतःच्या कळपांत दिली आणि तिथे काय होते ते वर्षानुवर्षे नोंदवले. ज्याच्या डोक्यावर ओझे येणार, त्याच्याच अंगणात प्रयोग तपासला. जनुकांच्या कामात हे फार मोलाचे आहे.

चार प्रश्न

यातून मला चार प्रश्न सुचतात. शाप की वरदान, हे विचारण्याऐवजी ते विचारावेत, असे माझे मत आहे.

पहिला : लाभ कोणाला होणार आणि भार कोणावर पडणार? हे दोघे एकच असतील तर फारशी चिंता नाही. वेगवेगळे असतील तर सावध व्हावे.

दुसरा : ज्याच्यावर भार पडणार त्याला सारे समजेल अशा भाषेत सांगितले आहे का आणि त्याला 'नको' म्हणता येते का?

तिसरा : उद्या चूक ध्यानात आली तर मागे फिरता येईल का?

चौथा : नुकसान झाले तर ते कोण भरून देणार?

हे प्रश्न दख्खनी मेंढीला लावून पाहा. मेंढपाळ नारी सुवर्णाचा नर घेतो किंवा घेत नाही. निवड त्याची आहे. पटले नाही तर साध्या दख्खनी नराकडे परत जाता येते. दोन-चार पिढ्यांत जनुक कळपातून कमी होते. तेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाला ही मेंढी उतरते. चौथ्या प्रश्नाला मात्र मेंढपाळाचा विमा, दुष्काळातला चारा आणि जनावरांचा दवाखाना यांची जोड हवी. ते काम शास्त्रज्ञाचे नाही, सरकारचे आणि समाजाचे आहे.

आता कापूस घ्या. बीटी कापसाला २६ मार्च २००२ रोजी भारतात परवानगी मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचे जनुक कापसात घातले होते. त्यामुळे बोंडअळी कापूस खाऊन मरे. सुरुवातीला फवारण्या कमी झाल्या, शेतकऱ्यांनी हे बियाणे आनंदाने घेतले. पण अळीत प्रतिकारशक्ती येऊ नये म्हणून शेताच्या कडेला साध्या कापसाच्या ओळी लावायच्या होत्या. ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम साधे बी त्यासाठीच दिले जाई. पुष्कळ ठिकाणी ते लावलेच गेले नाही. का? कारण त्या ओळींचा तोटा एकट्याचा आणि फायदा साऱ्या गावाचा. हे नीट समजावून सांगण्याची तसदीही फारशी कोणी घेतली नाही. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यात हाहाकार केला. अळीतला हा बदल आता परत फिरवता येत नाही. तिसऱ्या प्रश्नाचे महत्त्व यावरून कळेल. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाण्यांची जी बँक उभी केली, तिच्याकडे मी याच नजरेने पाहतो. परतीची वाट बुजू नये म्हणून कोणीतरी ती झाडून-लोटून ठेवली पाहिजे.

बीटी वांग्याच्या वेळी दुसरा प्रश्न पुढे आला. जानेवारी-फेब्रुवारी २०१० मध्ये देशातील सात शहरांत जनसुनावण्या झाल्या. नागपूर त्यांतले एक. शेतकरी, शास्त्रज्ञ, ग्राहक सारे तावातावाने बोलले. ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्या वांग्याला स्थगिती मिळाली. बांगलादेशाने मात्र २०१३ साली परवानगी दिली. आणि १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातील अकोट तालुक्यात शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी परवानगी नसलेले तणनाशक-सहनशील कापसाचे बी उघडपणे पेरले. त्यांचे म्हणणे होते : आमच्या शेतात काय पेरावे हे आम्हाला ठरवू द्या. कायदा मोडणे मला मान्य नाही. पण 'आम्हाला कोणी विचारले का?' या त्यांच्या प्रश्नात तथ्य आहे, हे मान्य केले पाहिजे. ज्याच्यावर भार पडतो त्याला 'नको' म्हणण्याचा हक्क असेल, तर 'हवे' म्हणण्याचाही असला पाहिजे. मात्र त्याचा वारा शेजाऱ्याच्या शेतात जात नसेल तरच. आणि परागकण बांध ओळखत नाहीत.

माणसाची जनुके

शेवटी माणसाकडे येऊ. विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या आदिवासी भागांत सिकलसेल नावाचा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि रुग्णाला असह्य वेदना होतात. रुग्णाच्या अस्थिमज्जेतील पेशी बाहेर काढून, त्यांची जनुके दुरुस्त करून त्या परत शरीरात सोडण्याच्या उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेने मान्यता दिली. इथे बदल फक्त त्या रुग्णापुरता आहे, त्याच्या मुलाबाळांत तो जात नाही आणि रुग्ण स्वतः संमती देतो. पहिल्या तीन प्रश्नांना हा उपचार बऱ्याच अंशी उतरतो. पण अमेरिकेत त्याची किंमत ठरली २२ लाख डॉलर! मेळघाटातल्या किंवा धडगावच्या रुग्णाने तो घ्यायचा कसा? इथे अनीती जनुक बदलण्यात नाही. औषध असूनही ते गरिबापर्यंत न पोहोचण्यात आहे.

याच्या उलट उदाहरण चीनमधले. नोव्हेंबर २०१८ मध्ये हे जियानकुई या शास्त्रज्ञाने जाहीर केले की, त्याने गर्भावस्थेतच जनुके बदललेल्या दोन जुळ्या मुली जन्माला आल्या आहेत. त्यांना एड्सच्या विषाणूची बाधा होऊ नये, हा हेतू त्याने सांगितला. वस्तुतः पित्याचा संसर्ग बाळाला होऊ नये यासाठी सुरक्षित उपाय आधीपासून होते. शिवाय योजलेला बदल तंतोतंत झालाही नव्हता. हा बदल आता त्या मुलींच्या मुलाबाळांतही जाऊ शकतो. भार त्यांच्यावर, संमती त्यांची नाही, परतीची वाट नाही. चारही प्रश्नांत हा प्रयोग नापास होतो. डिसेंबर २०१९ मध्ये तिथल्या न्यायालयाने त्याला तीन वर्षांची कैद दिली.

मग संशोधन थांबणार नाही का?

तुमच्यातला एखादा चलाख विद्यार्थी विचारील, 'इतके प्रश्न विचारत बसलो, तर संशोधन व्हायचे कधी?' शंका रास्त आहे. तिचे उत्तर इतिहासात आहे. एका सजीवाचे जनुक दुसऱ्यात घालण्याची युक्ती नवी होती, तेव्हा काही धोके ओळखून शास्त्रज्ञांनी स्वतःच काही प्रयोग थांबवले. फेब्रुवारी १९७५ मध्ये ते कॅलिफोर्नियातील असिलोमार येथे जमले आणि कोणते प्रयोग किती बंदोबस्तात करायचे याचे नियम त्यांनी घातले. संशोधन काही बुडाले नाही. १९७८ मध्ये जिवाणूंकडून मानवी इन्शुलिन बनवून घेण्यात यश आले आणि १९८२ मध्ये ते औषध म्हणून मान्य झाले. आज तुमच्या घरातले कोणी मधुमेहासाठी इन्शुलिन टोचून घेत असेल, तर बहुधा ते याच मार्गाने आलेले असते. थांबून विचार केल्याने गाडी चुकत नाही. मात्र असिलोमारला एक उणीव होती. तिथे बहुतेक शास्त्रज्ञच होते. मेंढपाळाच्या बायकोला किंवा कापूस वेचणाऱ्या बाईला तिथे कोणी बोलावले नव्हते. ती उणीव भरून काढण्याचे काम तुमच्या पिढीचे आहे.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे. क्लोनिंग आणि जनुकीय अभियांत्रिकी यांवर सरसकट बंदी नको आणि त्यांना सरसकट परवानाही नको. प्रत्येक वेळी दुसऱ्या कोकराला दूध कोण देणार, ते शोधून काढावे आणि निर्णय घेताना त्या माणसाला पहिल्या रांगेत बसवावे. जिथे तो माणूस अजून जन्मलेलाच नाही, तिथे आपण हात आखडता घ्यावा.

शिक्षकांना एक विनंती आहे. पुढच्या वक्तृत्व स्पर्धेत 'शाप की वरदान' हा विषय बाजूला ठेवून पाहा. त्याऐवजी मुलांना आठ दिवस द्या. त्यांनी एखाद्या डाळिंब बागायतदाराकडे जाऊन 'काका, रोपे कोणाकडून आणली आणि ती बाग निरोगी आहे हे कसे पाहिले?' असे विचारावे. कोणाच्या शेतात मेंढ्या बसवलेल्या असतील, तर तिथल्या मेंढपाळाला 'मामा, मेंढीला दोन कोकरे झाली तर बरे वाटते की काळजी वाटते?' असे विचारावे. तोच प्रश्न वाड्यावर थांबलेल्या मावशींनाही विचारावा. दोन्ही उत्तरे सारखी येतात का ते पाहावे, वहीत जशीच्या तशी उतरवावी आणि मग व्यासपीठावर उभे राहावे.